सुतकात चालणारी सहल

भुकूमच्या रंभाबाईंची प्रवासाची पिशवी कायम भरलेली असे. आत एक ठेवणीतलं पातळ, तांब्या, खोबरेल तेलाची बाटली आणि तुळजापूरच्या देवीला वाहायचा खण. हा खणसुद्धा दुसरा होता, पहिला पडून पडून विरला. पिशवी माळ्यावरून खाली यायची, उंबऱ्यापर्यंत जायची आणि पुन्हा माळ्यावर चढायची. यात पिशवीचा दोष नव्हता आणि रंभाबाईंचाही नव्हता. सगळा दोष भावकीचा होता.

भावकी मुठा खोऱ्यापासून हिंजवडीकडच्या चांदे गावापर्यंत पसरलेली. इतकी मोठी, की तिच्यात सतत कुणी ना कुणी मरत असे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, माणूस म्हटल्यावर मरणारच. पण रंभाबाईंची सहल कधी ठरली आहे हे त्या मरणाऱ्यांना नेमकं कोण कळवत होतं, हे एक देवच जाणे. तुळजापूरची जीप ठरली, तर चांद्याचा चुलत दीर गेला. कोल्हापूरचं ठरलं, तर मुठ्याची चुलतसासू गेली. गाणगापूरच्या वेळी तर दुबईत नोकरीला असलेला एक पुतण्या गेला. त्याला रंभाबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण सुतक पाहण्या न पाहण्यावर अवलंबून नसतं. सुतकात देवाच्या दारात जायचं नाही, म्हणजे नाही. पिशवी पुन्हा माळ्यावर.

एकदा चिडून त्या म्हणाल्या, "देवाकडं नगं तर नगं. महाबळेश्वराला जाऊ. तितं थंड हवा खाऊ."

"सुतकात मजा माराय गेली म्हंतील लोकं," त्यांचे यजमान बहिरू नाना म्हणाले. विषय संपला.

बहिरू नानांनी संपला म्हटलं की विषय खरोखर संपत असे. सोयर आणि सुतक, म्हणजे जन्माचा विटाळ आणि मरणाचा विटाळ, या खात्यात सगळ्या भावकीत त्यांचाच शब्द चाले. कुणाला किती दिवस, माहेरवाशिणीला किती, दत्तक गेलेल्याला आहे की नाही, सगळं तोंडपाठ. हिंजवडीतल्या फ्लॅटमधून पोरं फोन करून विचारत. अमेरिकेत गेलेल्या भावकीतल्या एका पोरानं विचारलं होतं, की माझे आजोबा गेले तेव्हा इथं आदला दिवस होता, तर दिवस कुठला धरायचा. नाना त्यावर दोन दिवस जेवले नीट नाहीत, पण उत्तर दिलं. तरुणपणी हे गृहस्थ एसटीवर ड्रायव्हर होते. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या देवांचे स्टँड त्यांनी पाहिले होते. बायकोनं मात्र पौडच्या पलीकडचं जग पाहिलं ते लग्नांच्या आणि दहाव्यांच्या निमित्तानं, तेही टेंपोच्या मागच्या बाजूनं.

या सगळ्यात रंभाबाईंच्या बाजूनं असलेला एकच माणूस होता, नथू तात्या. नात्यानं चुलतसासरे, नव्वदीच्या घरातले, शेजारच्याच घरात ओसरीवर खाटेला खिळलेले. तात्या गेली कैक वर्षं आज-उद्यावर होते. पहिल्याच तुळजापूरच्या वेळी रंभाबाई मांडीवर पिशवी घेऊन जीपमध्ये बसलेल्या असताना तात्यांनी डोळे फिरवले. रंभाबाई उतरल्या, धावत आल्या, तोंडात गंगेचं पाणी घातलं. तात्या ते गिळून उठून बसले आणि चहा मागितला. जीप तोवर निघून गेली होती. पुढच्या वेळी जीप ठरली तेव्हा मग चांद्याचा दीर गेला.

त्या दिवसापासून तात्यांच्या मनाला टोचणी लागली. "सूनबाई, तवाच मेलो आस्तो तर निदान तुजी जीप फुकट तरी गेली नस्ती," ते म्हणत. मग त्यांनी शब्द दिला. "तू कुटंतरी जाऊन आल्याबिगर मी जात न्हाई. बाकीच्यांचं मला सांगता येत न्हाई."

आणि ते खरंच राहिले. डॉक्टरांना नवल वाटे. रंभाबाई मात्र जीव घुटमळत ठेवलेल्या त्या म्हाताऱ्याच्या उशाशी रोज पेज घेऊन बसत. आपण एकदा कुठेतरी जाऊन यावं, हे आता त्यांच्या एकटीच्या हौसेपुरतं राहिलं नव्हतं.

अशात या मे महिन्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू मृण्मयी खाली आली. ही मूळची अकोल्याची, हिंजवडीत कंपनीत कामाला. दर रविवारी काही ना काही जुनं बघायला जायचा तिला नाद. सध्या भावकीत मुठ्याच्या एका म्हाताऱ्याचं सुतक चालू होतं आणि रंभाबाई उतरवलेली पिशवी पुन्हा माळ्यावर टाकत होत्या.

"काकू, या रविवारी येता का माझ्याबरोबर? आमच्या कंपनीतला शैलेश नाही म्हणतोय. म्हणतो, रविवारी सकाळी उठून मेलेल्यांना कशाला भेटू, सोमवारी मीटिंगमध्ये भेटणारच आहेत."

"कुटं जायाचं?"

"कॅम्पाकडे इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. दीडदोनशे वर्षांपूर्वीची. एक गाइड असतो, तो चालत चालत सगळी माहिती सांगतो. पावसाळ्याआधीची ही शेवटची फेरी, मग गवत वाढतं, साप निघतात. पुढची थेट दिवाळीनंतर."

रंभाबाई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. देवाचं ठिकाण नव्हे. मजेचं ठिकाण तर नव्हेच नव्हे. सुतकातल्या माणसाला जगातल्या सगळ्या जागा बंद असतात, एक सोडून. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

"म्हंजी कुनी मेलं तरी ही सहल मोडत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यांच्यातलं कुणी आता नव्यानं मरणार नाही, काकू."

"त्यांच्यातलं न्हाई गं पोरी. आमच्यातलं."

प्रकरण बहिरू नानांपुढे गेलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. असला प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता आणि आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या, पण चेहरा त्यांनी दहाव्याला शोभेल असा ठेवला.

"दुसऱ्याच्या मसनवट्यात उगं जायचं नस्तंय. मातीला गेलं तर चालतंय. ते आपले कोन लागत्यात?"

"कुनीच न्हाई," रंभाबाई म्हणाल्या.

"मग मातीला कसं जाशील?"

"नाना, त्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली," मृण्मयी म्हणाली.

"लई उशीर झाला," नाना म्हणाले आणि विचारात पडले. "पन आपल्यात उशिरानं भेटाय जायची पद्दत हाय. कळलंच न्हाई म्हनून सांगायचं."

असा निवाडा झाला. अटी तीन-चार घातल्या. मोकळ्या हातानं जायचं, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, येताना मागं वळून बघायचं नाही आणि घरात शिरण्याआधी डोक्यावरून पाणी. मृण्मयीला फेरी नेणाऱ्या संस्थेकडून आलेल्या सूचना वेगळ्याच होत्या. टोपी आणा, पाण्याची बाटली आणा, हलका नाश्ता सोबत ठेवा. नाश्त्याचं ऐकून नानांनी चष्मा पुन्हा काढला. शेवटी मसनवट्यात दशम्या न्यायच्या नाहीत, पण बाटली चालेल, कारण ती आपल्या घरच्या नळाची, असं ठरलं.

गुरुवारी रंभाबाई तात्यांकडे पेज घेऊन गेल्या. पदर सारखा करून खाटेच्या कडेला बसल्या.

"तात्या, रविवारी चाललीया मी. औंदा कुनी आडवं येत न्हाई. आता तुमी मोकळं. तुमाला कवा जायाचं तवा जा."

हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं, की पेजेचा चमचा तोंडात असलेले तात्या हसले. मग म्हणाले, "तितं काय आस्तंय बघाय?"

"दगड हायेत म्हनं. परत्येकाच्या नावाचा. त्यावर लिवत्यात."

"काय लिवत्यात?"

"ते काय मला ठावं? बघून येती आन सांगती."

"सांग," तात्या म्हणाले. "आपल्यात काय दगड न्हाई. राख पान्यात जाती आन मानूस संपला. मला आयकायचंय काय लिवत्यात ते."

शुक्रवारी सकाळी चांद्याहून फोन आला. रंभाबाईंनी निर्धास्तपणे भाकरी थापणं चालू ठेवलं. मरू दे कुणाला मरायचंय ते. पण नाना फोन ठेवून स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांचा चेहरा भलताच पडलेला होता.

"कोन गेलं?" रंभाबाईंनी विचारलं.

"गेलं न्हाई," नाना म्हणाले. "आलं. सायलीला मुलगी झाली. दिस भरायच्या आदीच."

सायली म्हणजे चांद्याच्या पुतण्याची बायको. पहिलंच बाळंतपण, दोघी सुखरूप. रंभाबाईंनी हात जोडले, बाळाला आशीर्वाद दिला. मग नानांचा चेहरा तसाच राहिलेला पाहून त्यांच्या हातातली भाकरी तशीच थांबली.

"सोयर लागलं," नाना खाली बघत म्हणाले. "घरात नवं लेकरू आलं की बारशापतूर भावकीतल्या बाईनं मसनवट्यात पाय घालायचा न्हाई. पाचवीला सटवाई येती लेकराच्या कपाळी लिवाय. तू हिकडं मसनवट्यात आन सटवाई तिकडं. तिला मसनवट्याचा वास आला तर?"

मृण्मयीनं बाजू लढवली. बाळ चांद्यात, काकू भुकूमात, दफनभूमी कॅम्पात, आणि सटवाईचा या तिन्हींशी एकाच वेळी संबंध कसा, असं तिनं विचारलं. नाना म्हणाले, तुमच्या मोबाइलला तार कुठं असते.

दुपारी चांद्याचे पेढे आले. रंभाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. हातात पेढा आणि डोळ्यांत पाणी अशा ओसरीवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मरनारे आडवे आले, मी गप ऱ्हायले. मानसाचा जीवच गेला, त्याला काय बोलायचं. आता जलमनारे बी आडवे याय लागले. मंग मी जायाचं कवा? कुनी मरंना आन कुनी जलमंना आसा येक दिस दावा मला." मग लेकराच्या नावानं आलेला पेढा टाकायचा नसतो म्हणून त्यांनी तो रडत रडत खाल्ला.

शेजारच्या ओसरीवर तात्यांना सगळं ऐकू गेलं. संध्याकाळी त्यांनी नानांना बोलावून घेतलं. रंभाबाई तिथंच पेज भरवत होत्या.

"बहिरू, येक सांग. सोयरात सुतक आलं तर?"

नानांचा चेहरा उजळला. हा त्यांच्या आवडीचा भाग होता. "सुतक मोटं, तात्या. सोयर त्यात इरघळतंय."

"मुठ्याच्या म्हाताऱ्याचं हाय की सुतक."

"ते आजच फिटलं. आन जुनं चालत न्हाई. सोयरावर नवं सुतक पायजे."

"आन मसनवट्याची बंदी?"

"ती उटती. मयत झाल्यावर मसनवट्यात जावंच लागतंय की. मंग बंदी कशी ऱ्हाईल?"

"जवळचं मानूस लागतंय का लांबचं चालतंय?"

"जवळचं आसलं तर कुनी बोट दावू शकत न्हाई," नाना सांगून गेले. आपण कुणाला काय सांगतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इतका नेमका प्रश्न विचारणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

तात्यांनी मान हलवली. मग पेज बाजूला सारून चहा मागितला, दोन चमचे साखर घालून. साखर त्यांना कित्येक वर्षं बंद होती. रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. "घाल गं," ते म्हणाले. रंभाबाईंनी घातली. पुढे जन्मभर त्यांना वाटत राहिलं, की त्याच वेळी आपल्याला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा तात्या गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. नदीकाठी दुपारपर्यंत सगळं उरकलं. सावडायचं सोमवारी ठरलं.

रविवारी सकाळी रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मृण्मयी हळूच डोकावून परत निघाली होती. इतक्यात नाना आले. रात्रभर झोपले नव्हते ते दिसतच होतं. ते बायकोसमोर उकिडवे बसले.

"ऊठ."

"मी न्हाई जात. काल मानूस गेलं आन आज मी फिराय जाऊ?"

"रंभे," नाना म्हणाले. हे नाव त्यांनी किती वर्षांनी घेतलं होतं कोण जाणे. "मला कालपासनं येकच दिसतंय. त्यांनी मला काय काय इचारलं आन मी शान्यागत काय काय सांगितलं. आता तू न्हाई गेलीस तर म्हाताऱ्याचं मरान फुकट जाईल. सोयर इरघळलंय, बंदी उटलीया. शास्तर तुज्या बाजूनं हाय. ऊठ."

रंभाबाई उठल्या. पिशवी घ्यायची नव्हती, मोकळ्या हातानं जायचं होतं.

मृण्मयीच्या गाडीवर मागं बसून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्या पुण्यात पोचल्या. फाटकाशी टोप्या घातलेली, गळ्यात कॅमेरे अडकवलेली वीसेक माणसं उभी होती. गाइडचं नाव स्वानंद. उत्साही मुलगा. तो सगळ्यांना पहिल्या थडग्यापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "इथे आपल्याला पलटणीची संपूर्ण पार्श्वभूमी समजून घ्यावी लागेल."

रंभाबाई त्या दगडासमोर आल्या आणि त्यांनी गळा काढला.

त्यांच्याकडे तशीच रीत होती. मयताला गेलं की बाईनं आल्या आल्या गळा काढायचा, मगच बोलायचं. पण कालपासून आत अडकलेलं सगळं त्या हुंदक्याबरोबर वर आलं आणि थांबेना. टोपीवाले चार पावलं मागं सरले. एकानं कॅमेरा खाली घेतला. स्वानंद गाइडच्या प्रशिक्षणात पुष्कळ काही शिकला होता, पण दीडशे वर्षं उशिरानं आलेल्या नातेवाइकांचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

डोळे पुसून रंभाबाईंनी त्याला विचारलं, "काय वय व्हतं?"

"कुणाचं? याचं? चोवीस."

"आरारा. कशानं गेला?"

"तापानं."

"लगीन झालं व्हतं का? मागं कोन?"

स्वानंदला पलटणीचा क्रमांक माहीत होता, तोफा किती होत्या ते माहीत होतं, मागं कोण ते माहीत नव्हतं. तो वाकून दगड नीट वाचू लागला. "आई असावी," तो म्हणाला. "आईनं दगड बसवलाय."

"लांब आसंल ती."

"हो. इंग्लंडमध्ये."

"म्हंजी तिला बगाय बी न्हाई मिळालं," रंभाबाई म्हणाल्या आणि पुढच्या दगडाकडे गेल्या.

त्या दिवशीची फेरी कधीच पूर्ण झाली नाही. प्रत्येक दगडापाशी तेच चार प्रश्न आणि पलटणीची पार्श्वभूमी तशीच राहून गेली. थोड्या वेळानं टोपीवालेच प्रश्न विचारू लागले. एका बाईंनी तीन महिन्यांच्या बाळाच्या दगडापाशी पर्समधून रुमाल काढला. कोणीतरी नाश्त्याचा डबा उघडला होता, तो मुकाट्यानं बंद केला. निघताना स्वानंद सवयीनं म्हणाला, "पुन्हा या, आजी." मयताच्या ठिकाणाहून निघताना येते म्हणायचं नसतं. रंभाबाई काही न बोलता, मागं न बघता चालू लागल्या.

दहाव्याला नदीकाठी भावकी जमली. पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. तात्यांचा मुलगा पुढं झाला. "आबा, नातवाचं लगीन थाटात करू." कावळा ढिम्म. "आबा, रस्त्याकडची जमीन इकनार न्हाई," कुणीतरी मागून सुचवलं. मुलगा जरा घुटमळला. "सगळी न्हाई इकनार," तो म्हणाला. कावळ्यानं मान दुसरीकडे वळवली. ऊन चढलं. नानांनी घसा साफ केला, पण त्यांच्या सगळ्या शास्त्रात या घडीला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी फक्त बायकोकडे पाहिलं.

रंभाबाई पुढं आल्या. पदर सारखा करून, खाटेच्या कडेला बसत तशा पिंडाशेजारी बसल्या.

"तात्या, जाऊन आले," त्या म्हणाल्या. "झाडं लई हायेत तितं. सावली चांगली हाय. दगडावर मानसाचं नाव लिवत्यात, वय लिवत्यात, दगड कुनी बसवला ते लिवत्यात. कशानं गेला ते बी लिवत्यात. ताप, पटकी, बाळतपान. मी समदं वाचून घेतलं त्या पोराकडनं. पन कुनापायी गेला, ते येका बी दगडावर लिवलेलं न्हाई."

एवढं बोलून त्या बाजूला झाल्या आणि कावळा खाली उतरला.